टाळ्या पडायच्या ती जागा

आण्णा,

तुम्ही ज्याला मर्दानकी म्हणायचा, तिच्यावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होता तेव्हा हे भांडण मी सुरू केलं होतं आणि तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून उसात निघून गेला होता. आता उठून जायची सोय नाही. बसा आणि ऐका.

आज वर्गात शोकांतिका शिकवत होते. मी साताऱ्यातच आहे अजून, त्याच कॉलेजात. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो, पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जातो आणि घामाच्या टी-शर्टावरच तासाला येतो. तो म्हणाला, "मॅडम, त्यानं वेळेवर ऐकलं असतं तर वाचला असता, हे बरोबर आहे. पण मग तो हिरो कशाचा?" सगळा वर्ग हसला आणि मुलींनीही मान डोलावली. हे वाक्य मी कुठं ऐकलंय हे मला तिथंच, हातात खडू असताना आठवलं. शब्द वेगळे होते, पण बोलणारे तुम्ही होता. तास कसाबसा संपवला आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

गावच्या जत्रेला तुम्ही ते किल्लेदाराचं नाटक करायचा. आपल्याच गावातल्या एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं, कधी छापलं न गेलेलं नाटक. गडाला वेढा पडलाय, टाक्यातलं पाणी तळाला गेलंय, आणि किल्लेदारानं शपथ घेतलीय की जिवंत असेतोवर दार उघडणार नाही. धाकट्या भावाला गडावरची तहानलेली लेकरं बघवत नाहीत. तो तहाचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला आत घेतो. किल्लेदार त्याला फितूर ठरवतो आणि स्वतःच्या हातानं मारतो. मग कळतं की तह झालाच आहे, त्याच अटींवर, आणि तो खुद्द धन्यानंच केलाय. शेवटी किल्लेदार उघड्या दारात एकटा उभा राहतो, लांबलचक भाषण करतो आणि अंगावरच्या जखमांनी उभ्या उभ्याच प्राण सोडतो. तुतारी वाजते, पडदा पडतो आणि टाळ्यांनी मंडप दणाणतो.

पलटणीतून हवालदार होऊन आलेले, गुडघा आखडलेले तुम्ही एरवी बांधावरून चालताना थोडे लंगडायचा. त्या भाषणात मात्र काठीसारखे सरळ उभे असायचा. मी तेव्हा सांगलीला एम.ए. करत होते. जत्रेला घरी आले की विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायची, त्यामुळं मला ते नाटक आजही पाठ आहे. त्यात किल्लेदाराची बायको फक्त दुसऱ्या अंकात येते आणि एवढंच म्हणते, "भावजींचं एकदा ऐका. शपथ तुमची आहे, तहान लेकरांची आहे." त्या भूमिकेला सांगलीहून एक बाई यायच्या. दुपारच्या एसटीनं उतरायच्या, एकदा तालीम करायच्या, रात्री ती वाक्यं म्हणायच्या आणि जायच्या. त्या बोलायला लागल्या की बाप्ये भजी खायला उठायचे, बायका पोरांना मुतायला घेऊन जायच्या. ते वाक्य कुणी ऐकलंच नाही, आण्णा. सगळ्या नाटकातलं एकमेव शहाणं वाक्य, आणि ते भज्यांच्या वासात वाहून गेलं.

सांगलीला मी तेव्हा ज्या शोकांतिका वाचत होते त्या सगळ्यांत मला तीच बाई सापडत गेली. ग्रीकांच्या घ्या, इंग्रजांच्या घ्या, आपल्या जुन्या कथा घ्या. कुठंतरी मध्यावर एक माणूस येतो आणि म्हणतो, थांब, एवढं नको. कधी ती बायको असते, कधी म्हातारी आई, कधी पोरगा, कधी नोकर. तो जे सांगतो ते खरं असतं, पुढं तसंच घडतं. आणि तो मोठा पुरुष ऐकत नाही. सांगणारा चुकीचा असतो म्हणून नव्हे, तर सांगणारी बाई आहे, पोर आहे, हाताखालचा आहे म्हणून. याचं ऐकलं तर लोक मला काय म्हणतील म्हणून. त्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना ज्यांनी ती वाक्यं लिहून दिली ते लिहिणारे वेडे नव्हते. मोठा माणूस कसा कोसळतो आणि कुणाकुणाला घेऊन कोसळतो हे दाखवायला त्यांनी त्याला एवढा मोठा केला होता. तो मोठा होता एवढंच आपण लक्षात ठेवलं. त्याच्या पायाशी कोण कोण मरून पडलंय तिकडं बघितलंच नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं होतं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणात बसून खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होता, आई मागं चुलीवर पाणी तापवत होती. मी म्हणाले, आण्णा, किल्लेदार चुकतो. तुम्ही फडका तसाच गालावर धरून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चुकतोय की. कोण न्हाई म्हणतंय? पर वाकत न्हाई." मी म्हणाले की न वाकल्यानं भाऊ मेला. तुम्ही म्हणालात, "तू पुस्तकं वाच पोरी, लय वाच. पर ही बाप्यांची गोष्ट हाय, तुला न्हाई कळायची." आणि टॉवेल उचलला.

ज्या माणसानं मला हे सांगितलं, त्यानंच मला सांगलीला पाठवलं होतं, ही गोष्ट मी विसरलेली नाही. पोरीला एवढं शिकवून काय करायचं म्हणणाऱ्या भावकीला तुम्ही दारातून परत लावलं होतं. मला पुस्तकं ठेवायला तुमची पलटणीतली काळी ट्रंक दिली होतीत. सांगलीच्या स्टँडवरून होस्टेलपर्यंत ती तुम्ही स्वतः खांद्यावरून नेलीत, रिक्षा केली नाहीत, आणि त्या गुडघ्यानं मधे मधे थांबत होता. होस्टेलच्या बाई म्हणाल्या, हमाल करायचा ना. तुम्ही हसून म्हणालात, पोरीचं ओझं हाय, हलकं असतंय. माझ्यासाठी तुम्ही कितीदा वाकलात याचा हिशोब नाही. माझी वेणी घातलीत, आई आजारी असताना माझ्यासाठी भाकरी थापल्यात. ते कधी तुम्हाला कमीपणाचं वाटलं नाही. मी पोरगी होते. माझ्याकडून तुम्हाला तुमच्यासारखं काही उभं करायचं नव्हतं. ते सगळं तुम्ही धाकट्यासाठी, माझ्या भावासाठी ठेवलं होतं.

धाकट्याचं सैन्याच्या भरतीत झालं तेव्हा तुम्ही गावात पेढे वाटलेत. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात चुलत्यांचा मुलगा सीमेवरून जखमी होऊन आला होता आणि मिरजेच्या दवाखान्यात पडून होता. धाकटा त्याच्याजवळ राहायला गेला आणि तिथंच रमला. त्याच्या पायाची मलमपट्टी करणारा एक ब्रदर होता, पुरुष नर्सला तिथं ब्रदर म्हणतात, त्याच्या मागं मागं हा हिंडायचा. घरी आला की चादर पेशंट न हलवता कशी बदलायची ते आईला खाटेवर करून दाखवायचा. आई हसायची. तुम्ही पेपरातून डोकं वर काढत नव्हता. तुम्हाला काहीच कळलं नव्हतं असं मला अजूनही वाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आपण सगळे स्वयंपाकघरात जेवत होतो. आई चुलीपुढं, तुम्ही भिंतीला टेकून, मी तुमच्या शेजारी. तो समोर बसला होता आणि खाली मान घालून म्हणाला, "आण्णा, मी न्हाई जाणार. मिरजंत नर्सिंगला नाव घातलंय." आईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. तुम्ही विचारलंत, कशाला? तो म्हणाला, "मला त्ये काम आवडतंय." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मग म्हणालात, "लोकांचं हगणं-मुतणं काढायला माझ्या पोटाला आलास व्हय?" तुम्ही भरल्या ताटात हात धुतलात. आईनं पदर तोंडाला लावून म्हटलं, "आवं, त्येचं ऐकून तर घ्या." तुम्ही ऐकलं नाहीत. मी प्रॉम्प्टर होते ना, पुढचं वाक्य मला पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "आजपास्नं ह्यो माझ्याशी बोलायचा न्हाई."

आणि तुम्ही ते पाळलंत. त्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. तुम्ही लग्नाला आलात, अक्षता टाकल्यात, जेवलात आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता परत आलात. गाव तुमचं कौतुक करत होतं. शब्दाचा पक्का माणूस, म्हणायचे. चावडीवर हे ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसताना मी बघितलंय. तुम्ही त्या नाटकातून कधी बाहेरच आला नाहीत, आण्णा. रंग खोबरेल तेलानं निघायचा, एवढंच.

मग तुम्ही पाटाच्या कडेला पाय घसरून पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं. आपल्याकडं असं काही झालं की माणूस मिरजेला जातो, तुम्हालाही तिथंच नेलं, आणि तो त्याच दवाखान्यात दुसऱ्या वॉर्डात कामाला होता. ऑपरेशन झालं. मी रजा घेऊन आले, आई होती, पण तुमचं अंग उचलायची ताकद आमच्या दोघींत नव्हती. स्वतःची ड्युटी संपली की तो यायचा. ठरल्या वेळी तुम्हाला कुशीवर वळवायचा, पाठीला पावडर लावायचा, भांडं द्यायचा, काढायचा, पुसायचा. तुम्ही हे सगळं करून घेत होता, पण बोलत होता माझ्याशी. म्हणायचा, त्येला सांग, हळू. त्येला सांग, पाणी पायजे. तो समोर उभा. मी काही सांगायच्या आत तो म्हणायचा, "व्हय आण्णा." मला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं.

शेजारच्या खाटेवर म्हसवडकडचे एक आजोबा होते, मेंढरं राखून आयुष्य गेलेलं. त्यांना धाकट्याचं फार कौतुक वाटायचं. एकदा त्यांनी तुम्हाला विचारलं, "पावनं, ह्यो पोरगा तुमचा कोन म्हनायचा?" धाकटा पायथ्याशी चादरीची घडी घालत होता. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "माझा कोण न्हाई. हितला ब्रदर हाय."

त्यानं घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा जुळवला, चादर खाटेवर ठेवली आणि त्याच्या वॉर्डात निघून गेला. मी मात्र गप्प राहिले नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलगा आहे त्यांचा. पोटचा मुलगा." तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि मग माझ्याशीही बोलायचं थांबलात. आता निरोप द्यायला कुणी उरलं नाही. आई बोलेना, मी बोलेना. तो मात्र आला, नेहमीसारखा, वेळेवर. तुम्हाला वळवलं. तुम्हाला पाणी हवं आहे हे त्याला तुमच्या ओठांवरून कळलं.

पुढं छातीत कफ झाला आणि तो उतरलाच नाही. ज्या दुपारी तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्याजवळ होता, मी खाली औषधांच्या दुकानात होते. मी वर आले तेव्हा त्यानं तुमची दाढी करायला घेतली होती. म्हणाला, "आक्का, गावाकडं न्यायच्या आधी नीट दिसूदे." इतक्या हळुवारपणे मी कुणाही पुरुषाला दुसऱ्या पुरुषाच्या गालाला हात लावताना बघितलेलं नाही.

आणि नदीकाठी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तुमच्या नाटकातले जोडीदार, जे वर्षानुवर्षं धाकट्या भावाची भूमिका करायचे, ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, वाघ होता, शेवटपर्यंत वाकला नाही, किल्लेदारासारखा उभ्यानं गेला. माणसांनी माना डोलावल्या. तुमचा मुलगा हातात मडकं घेऊन उभा होता आणि त्याच्या समोर त्याच्या बापानं त्याला नाकारल्याचं कौतुक चाललं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की खोटं आहे हे. ते उभ्यानं गेले नाहीत. आडवे होते, लंगोट बांधलेला होता, पाठीला पावडर होती, आणि त्यांच्या पाठीला पडून पडून होते तशी एकही जखम झाली नव्हती ती या पोराच्या हातामुळं. त्यात कमीपणा काही नव्हता, आण्णा. माणसाचा शेवट असाच होतो. कमीपणा तुम्ही त्या वॉर्डात जे म्हणालात त्यात होता. पण मी ओरडले नाही. त्या दिवशी आईचा हात माझ्या हातात होता.

त्यानंतर धाकटा गावात आला नाही. आईला त्यानं मिरजेला नेलं, मी तिकडंच जाऊन भेटायची.

यंदा मात्र गावातल्या तरुण मंडळाची पोरं साताऱ्याला माझ्याकडं आली. हवालदार आण्णांच्या आठवणीला नाटक परत उभं करायचंय, म्हणाली, तुम्हाला सगळं पाठ आहे, तुम्हीच बसवा. मी म्हणाले, बसवते, एक शब्दही बदलणार नाही, पण कोण कुठं उभं राहील ते मी ठरवणार. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. किल्लेदाराला मी कारखान्यात वजनकाट्यावर असलेला एक उंच पोरगा घेतला. बायकोच्या भूमिकेला गावातलीच अंगणवाडीची बाई घेतली आणि तिला अगदी पुढं, प्रेक्षकांच्या तोंडावर उभं केलं. आणि धाकट्या भावासाठी मी मिरजेला गेले.

तो आधी नाहीच म्हणाला. त्या गावात मला उभं राहायचं नाही, म्हणाला. मी म्हणाले, तुला उभं राहायचं कुठं आहे, बराच वेळ तर मरून पडायचं आहे. त्याची बायको हसली, मग तोही हसला. रविवारी रविवारी मोटरसायकलवरून तालमीला यायला लागला.

तुमचे जोडीदार तालीम बघायला यायचे. शेवटच्या अंकात मी प्रेत उचलू दिलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी खुर्चीतून हात वर केला. तुमच्या वेळी भाऊ मेला की दोन मावळे येऊन त्याला उचलून न्यायचे, रंगमंच मोकळा व्हायचा आणि मग तुम्ही दारात उभे राहायचा. मी म्हणाले, काका, दार तेच, भाषण तेच, फक्त भाऊ तिथंच पडून राहील. आणि तुतारी नाही. ते म्हणाले, "मग टाळी कुठं पडायची?" मी म्हणाले, नको पडूदे. ते चिडले. म्हणाले, तुझ्या बापाच्या नावानं करतीयास आणि त्याचीच टाळी खातीयास. मी म्हणाले, व्हय काका, खातीय. ते उठून गेले. मंडळाची पोरं घाबरली, गावातून दोघातिघांचे फोन आले, कुणी म्हणालं तिकिटाशिवायही माणूस यायचा नाही. मी तालीम थांबवली नाही. तुमचीच पोरगी आहे.

आता लाऊडस्पीकरला वेळेचं बंधन असतं, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू केलं. आईला पुढं सतरंजीवर बसवलं होतं, धाकट्याची बायको आणि मुलगी तिच्या शेजारी. माणसं आली. तुमचे जोडीदारही आले, विंगेजवळ खुर्ची टाकून पाठ वळवून बसले. दुसऱ्या अंकात अंगणवाडीच्या बाईनं ते वाक्य म्हटलं, शपथ तुमची आहे, तहान लेकरांची आहे, आणि मी बघत होते, एकही माणूस भज्यांकडं गेला नाही. गेला असता तर मी तिला ते परत म्हणायला लावणार होते.

मग धाकट्याला मारलं. तो पडला. किल्लेदार दारात जाऊन उभा राहिला आणि ते भाषण सुरू झालं. तेच भाषण, ज्यावर इतकी वर्षं लोकांच्या अंगावर काटा यायचा. पण त्याच्या पायापासून हातभर अंतरावर भाऊ पडलेला आहे, एक हात अंगाखाली दुमडलेला, तोंड आमच्याकडं. किल्लेदार इमानाबद्दल बोलतोय आणि भाऊ पडलाय. किल्लेदार शपथेबद्दल बोलतोय आणि भाऊ पडलाय. ऐकणाऱ्याची नजर वर जाते आणि पुन्हा खाली येते. मंडपात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. भाषण संपलं, किल्लेदार उभ्यानं मेला, दिवा मंद झाला. तुतारी नव्हती. काय करायचं ते कुणाला कळेना. ती शांतता इतकी लांबली की मला वाटलं, मी हरले.

आणि त्या शांततेत आई बोलली. सतरंजीवरून, नेहमीच्या आवाजात, घरात हाक मारावी तशी म्हणाली, "उठ रं बाळा आता. लय येळ पडलायस."

तो उठला. पडदा पडायच्या आधीच उठला, नाटकाबिटकाचा विचार न करता. अंगरख्याची धूळ झटकली आणि खाली उतरून आईजवळ येऊन बसला. तिनं त्याचा दुमडलेला हात हातात घेऊन चोळायला सुरुवात केली. मागच्या बायका रडायला लागल्या. बाप्ये उगाच इकडंतिकडं बघत होते, कुणी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. एकही टाळी पडली नाही. आण्णा, तुमच्या सगळ्या टाळ्या एकीकडं ठेवा आणि ही शांतता एकीकडं. मी ही घेईन.

तुमचे जोडीदार नंतर माझ्याकडं आले. मला वाटलं, भांडणार. ते म्हणाले, "पोरी, मी इतक्यांदा मेलो त्या नाटकात. मला उचलून न्यायचे आन् मागं जाऊन मी च्या प्यायचो. तुझा बाप भाईर रडायचा, आन् मी च्या प्यायचो." ते धाकट्याकडं गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी जेवायला चल म्हणाले. धाकटा गेला. त्या गावात, त्या गल्लीत, बायकोमुलीला घेऊन गेला आणि पोटभर जेवून आला.

म्हणून आज त्या भरतीवाल्या पोराला मी उत्तर दिलं ते तुम्हालाही देते. हिरो कशाचा, असं तो विचारत होता. मी म्हणाले, तुझ्या पायाशी कोण पडलंय ते खाली वाकून बघ, मग ठरव. त्यानं मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही. पुढच्या तासाला पुन्हा सांगेन, आणि नाही पटलं तर त्याच्या पुढच्या तासाला. तुम्हाला पटवायची वेळ निघून गेली, पण माझ्यापुढं दरवर्षी नवीन पोरं येऊन बसतात आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला घरी कुणीतरी सांगत असतं की बाप्यानं वाकायचं नसतं. मी त्या सगळ्यांशी भांडणार आहे. तुमच्याशीही.

एक सांगून थांबते. हे मी धाकट्याला दाखवणार नाही. तो तुम्हाला केव्हाच सोडून मोकळा झालाय. परवा जेवताना सहज म्हणाला, आण्णा नाटकात काय दिसायचे, नाही? आणि हसला. हे कागद त्याच्या हाती पडले तर तो शांतपणे वाचेल, घडी घालून मला परत देईल आणि म्हणेल, आक्का, जाऊदे आता, बास झालं. तो ते इतक्या मायेनं म्हणेल की मला त्याचं ऐकावं लागेल. आणि एवढ्यात मला कुणाचं ऐकायचं नाही.